तिसऱ्या दालनाच्या दारातलं मांजर

माझ्या मामाला उभं राहण्याचा पगार मिळतो. असं म्हटलं की तो चिडत नाही, शांतपणे दुरुस्ती करतो. "नुसतं उभं राहण्याचा नाही. पाठ न फिरवता उभं राहण्याचा." आधुनिक कलेच्या संग्रहालयात तो दालनावरचा माणूस आहे. सव्वीस वर्षं झाली. बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही, आवाज चढवायचा नाही आणि भिंतीवरच्या किंवा जमिनीवरच्या कुठल्याही वस्तूकडे पाठ करायची नाही, हे तिथले नियम. ते त्याच्या अंगात इतके मुरलेत की कुणाच्या लग्नाला गेला तरी तो कोपऱ्यात हात मागे बांधून उभा असतो, आणि कुणी फुलदाणीला हात लावायला गेलं की नकळत अर्धं पाऊल पुढे टाकतो. बरोबरीचे लोक त्याला खांब म्हणतात. मला ते नाव फार आवडतं, पण मी तोंडावर म्हणत नाही. एवढी अक्कल मला आहे.

कलेतलं आपल्याला कळतं असा आव त्याने कधी आणला नाही. मी एकदा विचारलं होतं, "मामा, तू सांगतोस त्या दगडांच्या ढिगाचा अर्थ काय रे?" तर म्हणाला, "अर्थ वरच्या मजल्यावरच्या लोकांना माहीत असतो. मला एवढंच कळतं की त्यातला एकही दगड हलता कामा नये."

तर असा हा सरळ माणूस. आणि याच माणसाने दोन वर्षं बायकोशी रोज खोटं बोलून दाखवलं. त्याचं बिंग फुटलं ते माझ्यामुळे. आता सगळं निभावलंय म्हणून मजेत सांगते आहे, पण तो दिवस आठवला की आजही हातातला चहा आधी खाली ठेवते.

आधी मामीचं सांगायला हवं. मामी गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. हात वाऱ्यासारखा चालायचा आणि जीभ त्याहून जोरात. एक दिवस कापडाचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना ती वरून खालपर्यंत आली. पाठीची दोन ऑपरेशनं झाली. त्यानंतर ती पलंगावर पडली ती पडलीच, आणि डावा पाय तर आपला नाहीच असं वागायला लागला.

पडण्यापेक्षा तिला जास्त लागलं ते लोकांचं बोलणं. सर्जन म्हणाले सहा आठवड्यांत चालायला लागाल. सहा महिने झाले तरी ती उठून बसत नव्हती. कारखान्याचे मालक म्हणाले, तुमची मशीन कुणाला देणार नाही. तिसऱ्या आठवड्यात तिच्या मशीनवर दुसरी बाई बसली. नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, कालच्यापेक्षा आज चेहरा किती छान दिसतोय. त्या लोकांत मीही होते, कबूल करते. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मामीने मामाला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "जग मला गोड बोलून फसवतंय. तुम्ही तरी माझ्याशी खोटं बोलू नका. शब्द द्या." मामाने शब्द दिला. मामीच्या मनाला त्या एका शब्दाचाच आधार होता. हे ती मला स्वतः सांगायची, वर माझ्याकडे रोखून बघत.

मग एकदा ती म्हणाली, "दिवसभर छताकडे बघून डोळे विटले. तुम्ही आज काय बघितलंत ते तरी सांगा." मामाने प्रामाणिकपणे सांगितलं, "दुसऱ्या दालनात होतो. पांढरं कापड आहे तिथे, भिंतीएवढं."

"त्यावर?"

"काही नाही."

मामीने भिंतीकडे तोंड केलं ते सकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मामा घरी आला, बूट काढले, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काल मी नीट बघितलं नव्हतं. त्या कापडाच्या खालच्या कोपऱ्यात एक बाई आहे. नखाएवढी. बर्फातून चालली आहे. काखेत लाल गाठोडं आहे."

मामीने मान वळवली. "गाठोड्यात काय आहे?"

झालं. दिलेल्या शब्दाला तिथेच तडा गेला.

त्यानंतर रोज संध्याकाळी फेरी सुरू झाली. पहिल्या दालनातल्या काळ्या दगडांत एक पांढरा दगड आला, आणि तो रोज जागा बदलायला लागला. तिसऱ्या दालनात भिंतीतून नुसता एक पितळी नळ बाहेर आलाय, मागे पाइप नाही, खाली बेसिन नाही. तो कायमचा कोरडा आहे. मामाच्या सांगण्यात मात्र त्यातून दर तासाला एक थेंब पडायचा, आणि लोक घड्याळ बघत त्याच्यासमोर उभे राहायचे. मामी विचारायची, आज किती जण थांबले? मामा म्हणायचा, एक म्हातारे गृहस्थ तीन थेंबांपर्यंत थांबले, मग त्यांची मुलगी त्यांना ओढून घेऊन गेली.

फक्त चौथ्या दालनात त्याला खोटं बोलता आलं नाही. तिथे जुने कोट आहेत, बाहीला बाही शिवून गोल रिंगण केलेले, छताला टांगलेले. कोट म्हटल्यावर मामी शिवणकामाची तज्ज्ञ झाली. शिलाई हाताची की मशीनची? अस्तर कुठलं? बाही जोडताना चूण कुठे घातली? मामाला रोज नवी प्रश्नपत्रिका मिळायची आणि उत्तरं आणायला कोटांजवळ जावं लागायचं. एकदा तो काजं बघायला इतका वाकला की जमिनीवरच्या पट्टीच्या पुढे नाक गेलं आणि भोंगा वाजला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खांबालाच समज मिळाली. घरी येऊन त्याने सांगितलं, "दारापासून तिसरा कोट. काज उलट्या बाजूला आहे." मामी दोन दिवस खूश होती.

उठून बसायला लागल्यावर तिला वॉकर मिळाला, आणि व्यायामाच्या बाई यायला लागल्या. मामीला नुसतं चालायचा कंटाळा. "कुठे जायचंय मला? कपाटापर्यंत?" मग मामाने घराचंच संग्रहालय केलं. पलंगापासून कपाटापर्यंत पहिलं दालन. कपाटापासून तिच्या जुन्या शिलाई मशीनपर्यंत दुसरं. मशीनपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तिसरं. आणि स्वयंपाकघर म्हणजे कोटांचं चौथं, तिथे खिडकीजवळ बसून चहा. मामा बोलत पुढे चालायचा, मामी ऐकत मागून यायची. "आज दुसऱ्यापर्यंतच," असं ती म्हणायची, आणि मामा गोष्ट मुद्दाम तिसऱ्याच्या तोंडाशी आणून थांबवायचा.

अडचण डाव्या पायाची होती. तो उचललाच जायचा नाही, फरशीवरून खर्र करत ओढला जायचा. स्वयंपाकघराच्या दारात बोटभर उंच पट्टी होती, तिथे अडखळून मामी दोनदा पडता पडता वाचली. व्यायामाच्या बाई म्हणायच्या, पाय उचला. मामी म्हणायची, उचलतेच आहे की! तिला खरंच वाटायचं की आपण उचलतोय. आणि कुणी परत सांगितलं की वॉकर ढकलून द्यायची आणि त्या दिवशीचं चालणं बंद.

एका संध्याकाळी त्या पट्टीपाशी आल्यावर मामा म्हणाला, "जपून. इथे मांजर आहे."

"कसलं मांजर?"

"मातीचं. तिसऱ्या दालनाच्या बरोबर दारात, जमिनीवर झोपलेलं. दोरी नाही, काच नाही. बनवणारीची अटच आहे, की प्रत्येकाने ते ओलांडूनच पुढे जायचं. पाय लागला तर कान तुटेल. कान अगदी पातळ आहेत."

मामी थांबली. खाली बघितलं. आणि डावा पाय गुडघ्यातून वर आला, पट्टीच्या वरून गेला आणि पलीकडे टेकला. पुढच्या आठवड्यात व्यायामाच्या बाई म्हणाल्या, हे कसं काय जमवलंत? मामी म्हणाली, "ह्यांच्या इथे एक मांजर आहे, त्याच्यामुळे."

दोन महिन्यांत वॉकर गेला आणि काठी आली. पाय घरभर उचलला जायला लागला. आणि मग मामीने जाहीर केलं, "मला खरं संग्रहालय बघायचंय."

इथे मामाच्या तोंडचं पाणी पळालं. लिफ्ट बंद आहे म्हणाला. मग रंगकाम निघालं. मग पायऱ्या फार आहेत. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मांजराचं, बाईचं, थेंबाचं सगळं मीही खरंच मानत होते, कारण तिथे तिकीट काढून जाण्याइतकी मला कलेची आवड कधीच नव्हती. मला एवढंच दिसत होतं की मामी दर रविवारी विचारते आणि मामा दर रविवारी टाळतो. माझं डोकं फिरलं. काठी घेतलेली बायको चारचौघांत न्यायची याला लाज वाटते की काय? मी शाळेची व्हॅन चालवते. शाळेला सुट्टी लागली त्याच्या पहिल्या दिवशी मी मामीला म्हटलं, "चल, तयार हो. त्याला सांगायचं नाही. चौथ्या दालनावर आहे ना आज? आपण थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहू."

मामी नवीन बूट घालून आली. व्हॅनमध्ये तिने मला सगळं संग्रहालय पाठ म्हणून दाखवलं. दारातून आत शिरलो तेव्हा तिने माझा हात धरला नाही. "मला रस्ता माहीत आहे," म्हणाली, आणि खरंच माहीत होता.

पहिल्या दालनात तिने दगडांभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग उलटी फेरी मारली. "पांढरा आज खाली गेला असेल," ती म्हणाली. मी म्हटलं, असेल.

दुसऱ्यात ती त्या पांढऱ्या कापडाच्या खालच्या कोपऱ्यासमोर गेली. चष्मा पुसला. परत घातला. मग दुसऱ्या कोपऱ्याशी गेली. मग तिथल्या ड्युटीवरच्या माणसाला विचारलं, "यावरची बाई पुसली का कुणी?" तो बिचारा गोंधळून म्हणाला, "बाई? नाही हो. हे पहिल्यापासून असंच आहे." मला तेव्हा सगळं एकदम कळलं, आणि वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. मी म्हटलं, "मामी, दमलीस का? चल, चहा घेऊ." ती पुढे निघाली.

नळापाशी ती किती वेळ उभी होती मला सांगता येणार नाही. तोंड वासून बघणाऱ्या दोघांनी फोटो काढले आणि गेले. तिने नळाच्या खालची फरशी बघितली. डाग नव्हता. एक थेंब दर तासाला, इतकी वर्षं, म्हणजे डाग पडायला हवा, हे मामीसारख्या बाईला सांगावं लागत नाही.

मग ती दाराशी आली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या दाराशी. गुळगुळीत फरशी, मध्ये एक सपाट पितळी पट्टी. दुसरं काही नाही.

समोर कोटांच्या रिंगणापलीकडे मामा उभा होता, हात मागे बांधून. त्याने आम्हाला बघितलं. इतक्या लांबूनही मला त्याचा चेहरा उतरलेला दिसला. तो आला तोही तसाच, तिरका चालत, कोटांकडे पाठ न करता. त्या अवस्थेतही नियम मोडला नाही त्याने. मला हसू फुटायच्या बेतात होतं, पण मामीकडे बघितलं आणि गिळलं.

"मांजर कुठाय?" मामीने विचारलं.

"नाहीये."

"हलवलं?"

"नाही. कधीच नव्हतं."

दोघं हळू आवाजात बोलत होते, कारण तिथे तसंच बोलायचं असतं. भांडण असं दबक्या आवाजात झालं की ते ऐकणाऱ्याला जास्त लागतं.

"बाई?"

"नव्हती."

"थेंब?"

"नळ कोरडा आहे. पहिल्यापासून."

"मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती," मामी म्हणाली.

"हो."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता."

तो बाजू मांडेल, हात जोडेल, निदान माझ्याकडे रागाने बघेल असं मला वाटलं होतं. तो नुसता उभा राहिला. मामी म्हणाली, "कोट तरी आहेत का, की तेही माझ्या डोळ्यांना दिसतायत नुसते?" आणि उत्तराची वाट न बघता आत शिरली. काठी टेकली, उजवा पाय टाकला, आणि डावा पाय फरशीवरून ओढला गेला. खर्र.

तो आवाज आम्ही तिघांनीही ऐकला. कितीतरी महिन्यांनी. मामाने डोळे मिटले. त्याच्या दोन वर्षांच्या कामाचं त्या एका आवाजात काय झालं ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते मी केलं होतं, सुट्टीच्या पहिल्या दिवशी, उत्साहात. मला रडू यायला लागलं. मामी अजून एक पाऊल गेली. पुन्हा खर्र. ती थांबली आणि स्वतःच्या पायाकडे बघायला लागली.

"असा आवाज येतो याचा?" तिने विचारलं.

"यायचा," मामा म्हणाला. "आधी यायचा. तू म्हणायचीस उचलतेय, आणि पाय फरशी सोडत नव्हता. सांगितलं की चिडायचीस, चालणं टाकायचीस. म्हणून मी तिथे मांजर ठेवलं." मग म्हणाला, "बाईचं आणि थेंबाचं तसं नाही. ते नुसतंच खोटं होतं. तू भिंतीकडे तोंड केलं होतंस, मला ते बघवलं नाही."

मामी दारापासून तिसऱ्या कोटापाशी गेली. वाकली. काज उलट्या बाजूला होतं. ती आणखी वाकली, अस्तर बघायला, मग बाहीचा जोड बघायला, आणि भोंगा वाजला.

लोक वळले. मामाच्या वरिष्ठ मॅडम वायरलेस हातात घेऊन धावत आल्या. "काय चाललंय? कोण आहेत ह्या?"

"माझी बायको आहे," मामा म्हणाला. "शिलाई तपासते आहे."

मॅडमनी मामीकडे बघितलं, काठीकडे बघितलं. "काही चुकलंय का?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"हा जोड घाईत केलाय," मामी सरळ होत म्हणाली. "पण काजाचं ह्यांनी मला बरोबर सांगितलं होतं." मॅडमनी मान हलवली, भोंगा बंद केला आणि गेल्या. मामी रिंगणाभोवती फिरली. एकेका कोटाशी थांबली, पट्टीच्या अलीकडे. दोन जागी तिच्या तोंडून "हं" निघालं. फिरून ती मामाच्या समोर येऊन उभी राहिली.

"माझा पाय ओढला जातो हे मला तुम्ही सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर?"

मामीने विचार केला. ती खोटं बोलत नाही, त्यामुळे तिला वेळ लागतो. "तर मी पलंगावरून उठले नसते," ती शेवटी म्हणाली. "तरी सांगायला हवं होतं. यापुढे जे नसेल ते आधी सांगायचं, की हे नाही. मग सांगा काय सांगायचं ते."

"बरं."

"आणि त्या गाठोड्यात काय होतं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही."

"मला माहीत नाही," मामा म्हणाला.

"मग संध्याकाळपर्यंत ठरवा."

माझा जीव भांड्यात पडला. मामाचाही पडला असावा, कारण सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो भिंतीला टेकला. क्षणभरच. मग आठवण येऊन ताठ झाला.

"चल गं," मामी मला म्हणाली, "यांना काम करू दे." आम्ही परत दाराकडे निघालो. खर्र, खर्र, दोन पावलं. दारापाशी मामी थांबली आणि त्या सपाट पितळी पट्टीकडे खाली बघत उभी राहिली. मग मागे न बघता तिने विचारलं, "अहो, कान कुठल्या बाजूला आहेत त्याचे?"

"नाहीये ते," मामा म्हणाला. आत्ताच दिलेला शब्द होता. मग म्हणाला, "डाव्या."

मामीने काठी टेकली. डावा पाय गुडघ्यातून वर आला, पट्टीच्या पार वरून गेला आणि पलीकडे, तिसऱ्या दालनात, अगदी अलगद टेकला. आवाज आला नाही.